ओल्या जमिनीत रोप का सुकते?

नाशिकहून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्या जाताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. या टोमॅटोच्या शेतात कधी कधी एक कोडे पडते. जमीन ओली असते, तरी भर दुपारी रोपे माना टाकतात. पाणी कमी पडले असे समजून शेतकरी आणखी पाणी देतो. रोपे मात्र सावरत नाहीत. एखादे उपटून पाहिले, तर मुळे तपकिरी होऊन कुजलेली दिसतात. असे का व्हावे?

उत्तरासाठी प्रथम स्वयंपाकघरात चला. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. एक साध्या पाण्यात आणि दुसरी मिठाच्या दाट पाण्यात दोन-तीन तास ठेवा. पहिली ताठ राहील, दुसरी लुळी पडेल. मिठाच्या पाण्याने तिच्या पेशींतील पाणी ओढून घेतलेले असते. या क्रियेला परासरण म्हणतात. मुळांभोवती क्षार वाढले की रोपाचीही अशीच अडचण होते. पाणी समोर असते, पण ते आत घेणे जड जाते.

हे क्षार साठतात कसे? विहिरीच्या एक लिटर पाण्यात १ ग्रॅम क्षार आहेत असे धरा. एका एकरात ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी दिले, तर ते सुमारे २ लाख लिटर भरते. म्हणजे एका पाळीत २०० किलो क्षार शेतात आले. खताच्या ५० किलोच्या चार गोण्यांइतके! पाणी रोप पिते किंवा उन्हाने उडून जाते. क्षार बहुतेक मातीतच राहतात. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो क्षार धुऊन नेतो. येवला-सिन्नरकडे पाऊस त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच. तेथे भारी काळी जमीन असली, तर निचराही मंद होतो.

आता मूळ कुजवणाऱ्या शत्रूकडे वळू. त्याचे नाव फायटोफ्थोरा. शेतकरी त्याला बुरशी म्हणतात, पण आजच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशीपासून वेगळा, तिच्यासारखा दिसणारा जीव मानला जातो. त्याचे चलबीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी ओल्या मातीतील पाण्यात पोहत मुळापर्यंत पोहोचतात.

मग क्षारांनी या शत्रूचेही नुकसान होत नाही का? होते! अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्विएकी आणि मॅकडॉनल्ड यांनी टोमॅटोवर केलेले प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारांमुळे फायटोफ्थोराची वाढवळ मंदावली, तरीही मूळकूज वाढली. कारण क्षारांनी शत्रूपेक्षा रोपाला अधिक दुबळे केले होते.

याचे एक कारण पुढे त्याच विद्यापीठातील संशोधनातून उलगडले. क्षारांचा ताण येताच रोपात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. ते पानांवरील रंध्रे मिटवून पाणी वाचवते. पण त्याच वेळी रोगाशी लढण्याची यंत्रणा ढिली पडते. घरची सारी माणसे मागच्या दाराची आग विझवायला धावावीत आणि पुढचे दार चोराला मोकळे सापडावे, तसेच हे झाले.

मात्र खारे पाणी प्रत्येक रोग वाढवते, असा नियम करू नका. बेल्जियममधील २००६ च्या एका अभ्यासात क्षारांचा ताण दिलेल्या टोमॅटोच्या पानांवर भुरी कमी आढळली. रोग कोणता आणि तो मुळावर येतो की पानावर, हे आधी पाहावे लागते.

मग उपाय काय? केवळ औषध ओतल्याने मुळातील कारण जात नाही. जास्त पाणी देऊन क्षार खाली धुता येतात. पण निचरा नसेल तर तेच पाणी चलबीजाणूंना पोहायला तलाव ठरते. म्हणून आधी चर काढून निचरा सुधारायचा, मग पाणी द्यायचे. शेणखताने भारी माती भुसभुशीत होते. द्राक्षवेल क्षारांना टोमॅटोपेक्षाही हळवी आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता २.५ डेसिसायमेन प्रति मीटर होईपर्यंत टोमॅटोचे उत्पन्न सहसा घटत नाही. द्राक्षाची मर्यादा १.५ ची आहे. म्हणूनच महाराष्ट्रातील अनेक बागाईतदार द्राक्षाचे कलम क्षार व टंचाई सोसणाऱ्या डॉगरिज या खुंटावर बांधतात.

शेवटी एक प्रयोग. गावातील एकाच विहिरीचे एक लिटर पाणी मे महिन्यात आणि एक लिटर सप्टेंबरमध्ये घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते वजन केलेल्या भांड्यात आटवा. उरलेला पांढरा थर प्रयोगशाळेतील तराजूवर तोला. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि घरी दाखवा. औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पाणी तपासावे, हे तो चिमूटभर थर चांगले पटवून देईल.