कोरा पडदा काय सिद्ध करतो?

लिनक्सच्या लॅपटॉपला मॉनिटर जोडला आणि पडदा काळाच राहिला, की आपण म्हणून मोकळे होतो, ‘मॉनिटर गेला!’ जरा थांबा. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’, म्हणजे न दिसणं, हे प्रमाण मानतात. पण अट घालतात. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाहीच असं ठरत नाही.

तेव्हा आधी परिस्थिती तपासू. पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटतं ना? मग मॉनिटर जिवंत आहे. त्याच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का बघा. मग लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडा. मॉनिटर आपली ओळख केबलमधूनच कळवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. तिथे नाव दिसतंय? मग तो पडदा बंद ठेवलाय का, रिझोल्यूशन जास्त आहे का, ते पाहा. नाव नाही? केबल बदलून बघा. यूएसबी-सी असेल, तर सगळीच पोर्टं चित्र पाठवत नाहीत. काही लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. ड्रायव्हर नसेल तर ते सिस्टिमला दिसतच नाही.

शेवटी तोच मॉनिटर, चालू केबलनं, दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही काळोख असेल, तरच दोष मॉनिटरचा म्हणा. नवा घ्यायचा विचार त्यानंतर.