परीक्षेचे इंग्रजी आणि संशोधनाचे इंग्रजी

परदेशी पीएच.डी.ची तयारी : लेखांक ६

मागच्या लेखांकात भावी मार्गदर्शकाला पहिले पत्र कसे लिहावे ते पाहिले. त्या पत्राला अनुकूल उत्तर आले की पुढचा प्रश्न उभा राहतो तो इंग्रजीच्या परीक्षेचा. आयईएलटीएस द्यायची की टोफेल, क्लास लावायचा की घरीच अभ्यास करायचा, किती महिने द्यायचे? पदवीला जाणारा, नोकरीला जाणारा आणि संशोधनाला जाणारा अशा तिघांनाही आपल्याकडे बहुधा एकाच साच्यातली तयारी करून घेतात. माझे म्हणणे असे की, संशोधनाला निघालेल्या विद्यार्थ्याने या तयारीचा मोठा भाग आपल्या विषयातले शोधनिबंध वाचण्यात आणि त्यांवर लिहिण्यात घालवावा. सराव प्रश्नपत्रिकांना शेवटचे पाच-सहा आठवडे पुरेत. हा सल्ला ऐकायला आदर्शवादी वाटतो, पण निव्वळ गुणांचा हिशेब केला तरी तोच फायद्याचा ठरतो.

आधी गुणांचेच पाहू. आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडमिक परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशा चार कौशल्यांना शून्य ते नऊ असे बँड मिळतात आणि त्यांची सरासरी म्हणजे एकूण बँड. समजा, एखाद्याला श्रवणात ८, वाचनात ७.५, संभाषणात ६.५ आणि लेखनात ६ मिळाले. एकूण बँड ७ झाला. घरचे खूश होतात, पण विद्यापीठ होईलच असे नाही. ऑक्सफर्डचे उदाहरण घ्या. तिथे विषयानुसार दोन पातळ्या आहेत : एकीत एकूण ७ आणि प्रत्येक कौशल्यात किमान ६.५, दुसरीत एकूण ७.५ आणि प्रत्येकात किमान ७. वरच्या विद्यार्थ्याची सरासरी पहिल्या पातळीला पुरते, तरी लेखनातल्या ६ मुळे त्याचा अर्ज अडतो. अशी किमान अट ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत असते, आकडे तेवढे वेगळे. त्यातच, जगभरच्या परीक्षार्थींच्या ज्या सरासऱ्या दरवर्षी जाहीर होतात त्यांत अ‍ॅकॅडमिक परीक्षेत सर्वांत मागे राहणारे कौशल्य लेखनच असते. वाचनात चाळीसपैकी साधारण तीस उत्तरे बरोबर आली की ७ बँड मिळतो, म्हणजे दहा चुका माफ. लेखनात असा हिशेब नाही. तिथे परीक्षक तुमचा युक्तिवाद वाचतो. म्हणून तयारीचा प्रश्न मुळात लेखनाच्या तयारीचा आहे.

लेखनाची ही तयारी प्रचलित पद्धतीत पाठ केलेल्या साच्यांवर उभी असते. सुरुवातीचे वाक्य ठरलेले, दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात ठरलेली, 'शिवाय', 'याउलट', 'थोडक्यात' या अर्थाच्या इंग्रजी जोडशब्दांची यादी ठरलेली. रिकाम्या जागी विषय भरला की निबंध तयार. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी गुणांकनाचे निकष सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते वाचले की या साच्याची मर्यादा कळते. निबंधाचे गुण चार निकषांवर समान विभागलेले आहेत : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. सुसंगतीच्या निकषात सहाव्या बँडचे वर्णन करताना, वाक्यांची जोडणी यांत्रिक वाटू शकते, असा स्पष्ट उल्लेख आहे. वरच्या बँडांकडे जावे तसे जोडशब्द वाचकाच्या नजरेत भरेनासे होतात. म्हणजे साचा विद्यार्थ्याला पाचवरून सहावर नेऊ शकतो, आणि ज्या ६.५ किंवा ७ ची त्याला गरज असते, नेमका तिथेच त्याला अडवतो. पाठ केलेला मजकूर ओळखायला परीक्षकांना शिकवलेले असते आणि त्याचे गुण कापले जातात, हे वेगळेच.

आता हेच काम संशोधनाच्या बाजूने करून पाहा. आयईएलटीएसच्या लेखनातला पहिला प्रश्न आलेखाचा किंवा तक्त्याचा असतो. वीस मिनिटांत किमान १५० शब्दांत त्याचे वर्णन करायचे. इथे विद्यार्थी हमखास चुकतात ते आलेखाची कारणे सांगू लागल्यामुळे. अमुक वर्षी आकडा का घसरला याचे तर्क प्रश्नात मागितलेलेच नसतात. ठळक प्रवृत्ती कोणती, तुलना कशाशी, अपवाद कुठला, एवढेच सांगायचे असते. शोधनिबंध वाचणाऱ्याला ही शिस्त ओळखीची आहे, कारण निष्कर्षांचा विभाग आणि चर्चेचा विभाग यांत हीच सीमारेषा असते. काय दिसले ते एका ठिकाणी, का दिसले ते दुसऱ्या ठिकाणी. एम.एस्सी. किंवा एम.ए.च्या प्रबंधिकेतला स्वतःचा एखादा आलेख घेऊन घड्याळ लावून त्यावर १५० शब्द लिहिले, तर परीक्षेचा सराव होतो आणि त्याच आलेखाचे वर्णन उद्या शोधनिबंधातही वापरता येते.

दुसरा प्रश्न चाळीस मिनिटांचा, किमान २५० शब्दांचा, आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. एखाद्या मतावर भूमिका घेऊन ती शेवटपर्यंत सांभाळायची असते. मराठी शाळेतल्या निबंधाची सवय इथे आड येते. सुभाषिताने सुरुवात, मग विषयाची थोरवी, मग दोन्ही बाजू आणि शेवटी उपदेश, हे वळण आपल्या हातात इतके बसलेले असते की, स्वतःचे मत दुसऱ्या पानावर उगवते. चांगल्या शोधनिबंधाची प्रस्तावना याच्या उलट चालते. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात तिच्या तीन पायऱ्या दाखवल्या : या क्षेत्राचे महत्त्व काय, त्यात कोणती जागा रिकामी आहे आणि हा निबंध ती कशी भरतो. आपल्या विषयातल्या वीस-पंचवीस प्रस्तावनांमध्ये या पायऱ्या पेन्सिलीने खुणावून वाचल्या, की भूमिका लवकर आणि स्वच्छ मांडण्याची सवय लागते. यादीतले जोडशब्द पाठ करून ती लागत नाही.

वाचनाच्या प्रश्नपत्रिकेतही असाच एक प्रकार आहे. दिलेले विधान बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याबद्दल काहीच म्हटलेले नाही, हे ठरवायचे. विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात ते तिसऱ्या पर्यायात, कारण लेखकाने न म्हटलेली गोष्ट आपण आपल्या माहितीतून भरून टाकतो. संशोधनात दुसऱ्याचा हवाला देताना होणारी सर्वांत घातक चूक हीच आहे. ज्याने मूळ निबंध उघडून हवाले तपासण्याची सवय लावून घेतली, त्याला हा प्रश्न सोपा जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, परीक्षेतले उतारे आणि विषय सर्वसाधारण असतात. शहरी वाहतूक, प्राण्यांचे वर्तन, प्राचीन कालगणना. पॉलिमर रसायनशास्त्राचे निबंध वाचून त्यात काय मदत होणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शब्दसंपदेच्या अभ्यासात सापडते. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतल्या २८ विषयांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुलांची एक यादी प्रसिद्ध केली. रोजच्या व्यवहारातले सर्वांत प्रचलित दोन हजार शब्द आधीच वगळूनही ही शब्दकुले अभ्यासकीय मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतात. कथा-कादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत राहते. गृहीत धरणे, सूचित करणे, प्रमाण, घटक, फरक, पद्धत या अर्थाचे हे शब्द रसायनशास्त्रातही येतात आणि शहरी वाहतुकीच्या उताऱ्यातही. म्हणजे आपल्या विषयाचे वाचन परीक्षेच्या शब्दसंपदेकडेच नेते. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये या यादीवर एक महत्त्वाची हरकत घेतली : तोच शब्द वेगवेगळ्या विषयांत वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या शब्दांच्या संगतीत वापरला जातो. ती हरकत मला पटते. शब्दांची यादी भिंतीवर चिकटवून पाठ करण्याऐवजी ते शब्द आपल्या विषयातल्या वाक्यांत भेटू द्यावेत, हे म्हणणे तिच्यामुळे अधिकच बळकट होते. सर्वसाधारण विषयांची ओळख मात्र करून घ्यावी लागेल. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वैज्ञानिक किंवा सामाजिक लेख पुरतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मराठी माध्यमातून, लहान गावातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने येतो. ज्याचे इंग्रजी वाक्यच डळमळीत आहे त्याला निदान साच्याचा आधार तरी असू द्या, असे म्हटले जाते. या विद्यार्थ्याची अडचण खरी आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे इंग्रजी नामाआधी 'अ' की 'द' हा घोळ पदव्युत्तर शिक्षणानंतरही सुटत नाही. मराठी उच्चारात शब्दातल्या आघाताला तेवढे महत्त्व नाही, त्यामुळे 'फोटोग्राफ'मधला पहिल्या अक्षरावरचा आघात 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या अक्षरावर सरकतो हे कानाला जाणवत नाही. पण या दोन्ही अडचणींवर साच्याकडे कसलाच उपाय नाही. साच्यातली वाक्ये बिनचूक आणि मधली स्वतःची वाक्ये चुकीची, असा विसंगत निबंध परीक्षकापुढे जातो. त्यापेक्षा रोज एका शोधनिबंधाचा सारांश-परिच्छेद वाचून, तो झाकून, आठवणीतून पुन्हा लिहावा आणि मग मूळ मजकुराशी उपपद न् उपपद ताडून पाहावे. यात शिक्षक समोरच असतो, तो म्हणजे मूळ निबंध, आणि त्याला फी लागत नाही. परीक्षेचेच शुल्क १५ हजार रुपयांहून अधिक असताना ही गोष्ट लहान नाही. उच्चाराबाबत एवढे सांगायला हवे की, संभाषणाच्या ११ ते १४ मिनिटांत मराठी वळणाच्या बोलण्याचे गुण जात नाहीत, जातात ते न कळणाऱ्या बोलण्याचे. इंग्रजी 'इंग्रजांसारखे' बोलण्याचा खटाटोप सोडून द्यावा. आपला संशोधन विषय दुसऱ्या शाखेतल्या मित्राला दोन मिनिटांत इंग्रजीत समजावून सांगणे हा उत्तम सराव आहे. अमेरिकेला जाणाऱ्याने तर तो करावाच, कारण तिथे पीएच.डी.चा खर्च अनेकदा अध्यापन-साहाय्यकाच्या कामातून भागतो आणि त्या कामासाठी बरीच विद्यापीठे संभाषणाच्या गुणांची वेगळी, वरची अट घालतात.

साच्यांविरुद्धचा आणखी एक पुरावा टोफेलच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेचा स्वतंत्र मताचा निबंध जुलै २०२३ मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी वर्गातल्या चर्चेत दहा मिनिटांत स्वतःचे मत लिहिण्याचा प्रश्न आला. २१ जानेवारी २०२६ पासून तर परीक्षेची रचना पुन्हा बदलली, वाचन आणि श्रवणाचे प्रश्न परीक्षार्थीच्या कामगिरीनुसार बदलू लागले आणि १२० ऐवजी १ ते ६ अशी नवी गुणश्रेणी आली. जुन्या निबंधाचे साचे ज्यांनी पाठ केले होते त्यांची मेहनत वाया गेली. वाचलेल्यावर विचार करून लिहिण्याची सवय ज्यांनी लावली होती त्यांना प्रश्नाचा आकार बदलल्याने फारसे बिघडले नाही. आयईएलटीएस इतकी बदललेली नाही, हे मान्य. पण कोणती परीक्षा द्यायची हा निर्णय अनेकांच्या बाबतीत शेवटच्या क्षणी होतो आणि विद्यापीठागणिक बदलतो.

काही अभ्यासक विचारतील की, या गुणांचा पुढच्या संशोधनाशी संबंध तरी किती? भाषा-परीक्षेचे गुण आणि विद्यापीठातले यश यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासांत हा संबंध सामान्यतः क्षीणच आढळला आहे. यात आश्चर्य नाही. किमान अट पूर्ण केलेल्यांनाच प्रवेश मिळतो, त्यामुळे ज्यांचे इंग्रजी फार कच्चे आहे ते या तुलनेत येतच नाहीत. शिवाय संशोधन चिकाटी, मार्गदर्शक आणि विषयाची समज यांवर चालते. पण यातून एक व्यवहारी गोष्ट निघते : अट ७ ची असेल तर ७.५ साठी सहा महिने झुरू नये. उंबरठा ओलांडण्यापुरते गुण मिळवावेत आणि उरलेला वेळ संशोधन प्रस्तावाला द्यावा. शोधनिबंधांवर आधारलेली तयारी इथेही उजवी ठरते, कारण परीक्षेत काही कमी पडले तरी केलेले वाचन आणि काढलेल्या टिपा प्रस्तावात कामी येतात.

सराव प्रश्नपत्रिका सोडवायच्याच नाहीत, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. श्रवणाचा मजकूर एकदाच ऐकू येतो, वाचनाच्या साठ मिनिटांत तीन मोठे उतारे आणि चाळीस प्रश्न असतात, आणि संगणकावर टंकलेखनाचा वेग नसेल तर चांगले विचारही अर्धवट राहतात. या गोष्टी सरावानेच अंगवळणी पडतात. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत पूर्ण लांबीच्या सात-आठ प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, चुका वहीत नोंदवाव्यात, आणि थांबावे.

वेळापत्रकाबद्दल काही गोष्टी ध्यानात ठेवा. दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. आयईएलटीएस संगणकावर दिली असेल तर एकाच कौशल्याची फेरपरीक्षा मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत देता येते, पण ती प्रत्येक विद्यापीठ मानत नाही. आपले विद्यापीठ मानते का, हे आधी विचारून घ्यावे. इंग्रजीची अट पूर्ण झालेली नसेल तर विद्यापीठ सशर्त प्रवेशपत्र देऊ शकते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला किंवा केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला मात्र विनाअट प्रवेशपत्र लागते. म्हणून या शिष्यवृत्त्यांवर ज्यांची भिस्त आहे त्यांनी परीक्षा शेवटावर ढकलू नये. अमेरिकेतल्या बहुतेक पीएच.डी. अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. तिथे अर्ज करणाऱ्यांनी सप्टेंबरची तारीख घ्यावी, म्हणजे कमी पडलेच तर दुसरी संधी उरते. आणि पुढचा लेखांक येण्याआधी आपल्या विषयातला एक अलीकडचा शोधनिबंध निवडून त्याच्या सारांश-परिच्छेदावर झाकून लिहिण्याचा प्रयोग निदान तीन वेळा करून पाहा. पुढच्या आठवड्यात संशोधन प्रस्तावाकडे वळू तेव्हा ती पाने हाताशी असू द्या.