मदरबोर्ड निवडताना संशोधनाची पद्धत कशी वापराल?

फेलोशिपचे पैसे जमायला लागले की बऱ्याच जणांच्या मनात एक विचार येतोच. घरी एक चांगला पीसी बांधायचा. दिवसा त्यावर पायथन, आर, सिम्युलेशन आणि रात्री गेम. विचार अजिबात वाईट नाही. पण हिशोब बघा. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये. त्यात खोलीभाडं, मेस, प्रवास, शिवाय घरी पाठवायचे पैसे. म्हणजे हा पीसी पीएच.डी. संपेपर्यंत टिकायला हवा, आणि निवड चुकली तर ती सुधारायला हातात पैसे नसतात. म्हणून आज मदरबोर्ड कसा निवडायचा आणि पीसी कसा जोडायचा ते बघू. हे काम संशोधनाचा आराखडा करण्याच्या किती जवळचं आहे, तेही वाचता वाचता लक्षात येईल.

आधी प्रश्न नेमका करा

"गेमिंगसाठी सगळ्यात भारी मदरबोर्ड कोणता?" हा प्रश्न "मला ग्रामीण शिक्षणावर संशोधन करायचंय" इतकाच मोघम आहे. त्याला उत्तर नसतं, फक्त जाहिराती असतात. त्याऐवजी असं लिहून बघा: "७५,००० रुपयांच्या आत, १०८०पी मॉनिटरवर माझे तीन ठरावीक गेम ६० फ्रेमच्या खाली जाऊ नयेत आणि माझ्या डेटासाठी ३२ जीबी रॅम मिळावी." आता मर्यादा आली, मोजायची गोष्ट आली आणि यश कशाला म्हणायचं तेही ठरलं.

असा प्रश्न लिहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. गेममधले फ्रेम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड ठेवून साध्या बोर्डाऐवजी महागडा बोर्ड घेतला, तर फरक जेमतेम जाणवतो. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवा

एसएसडी नंतर वाढवता येते. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं. मदरबोर्ड बदलायचा तर सगळा पीसी सोडवावा लागतो आणि कधी कधी प्रोसेसर नि रॅमही नव्याने घ्यावी लागते. संशोधनात नमुना कसा निवडायचा हा निर्णय असाच असतो. विश्लेषणाची पद्धत नंतर सुधारता येते, पण गोळा करायची राहून गेलेली माहिती परत मिळत नाही.

बोर्डाच्या बाबतीत असे तीन निर्णय आहेत.

पहिला सॉकेट. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात. एएमडीचे रायझन ७००० आणि ९००० मालिकेतले प्रोसेसर एएम५ मध्ये. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. सॉकेट किती वर्षं चालतो यालाही किंमत आहे. २०१७ मध्ये आलेल्या बऱ्याच एएम४ बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालवता आला. पाच वर्षांचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

दुसरा रॅमचा प्रकार. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० मध्ये काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

तिसरा आकार. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एकच ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर मायक्रो-एटीएक्स बहुतेकांना पुरतो.

आकडा स्वतः काढून बघा

बोर्डाच्या खोक्यावर "१६ फेज पॉवर" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय? पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास लागतात. हा उतार करणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. ८८ भागिले १.२ म्हणजे ढोबळमानाने ७३ अँपिअर. रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत जातो, म्हणजे १९० अँपिअरच्या आसपास. दुसऱ्याला दणकट व्हीआरएम आणि त्यावर जाड हीटसिंक हवाच. पहिल्याला ठीकठाक बी६५० बोर्ड पुरतो.

यात आपलं हवामानही धरा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेली चाचणी अकोल्याच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीला जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे सगळे आकडे साधारण १८ अंशांनी वर सरकतील. कुठलाही निष्कर्ष वाचताना तो कोणत्या परिस्थितीत काढलाय हे विचारायचं, ते यासाठीच.

रॅमचंही गणित सोपं आहे. डीडीआर५-६००० ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबीपर्यंत माहिती पाठवू शकते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर ९६ जीबी. म्हणून १६ जीबीच्या दोन पट्ट्या ३२ जीबीच्या एका पट्टीपेक्षा चांगल्या.

मूळ साधन वाचा

व्हिडिओ आणि रिव्ह्यू ही दुय्यम साधनं. मूळ साधन म्हणजे बोर्डाचं मॅन्युअल. विकत घेण्याआधीच ते कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि चार गोष्टी शोधा. तुमचा प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो? एम.२ चा दुसरा स्लॉट वापरला तर एखादा साटा पोर्ट बंद होतो का? खालचा लांब पीसीआयई स्लॉट खरोखर १६ लेनचा आहे की फक्त चार लेनचा? प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करण्याची सोय आहे का? दुकानातला बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल, तर हीच शेवटची सोय वाचवते.

एका वेळी एकच बदल

आता जोडणी. सगळं कॅबिनेटमध्ये बसवून मग बटण दाबायची घाई करू नका. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये रॅमची एक पट्टी आणि पॉवर सप्लाय, एवढंच जोडा आणि बायोस दिसतो का ते बघा. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, मग कार्डही लावावं लागेल. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅम तपासायला काही मिनिटं घेऊ शकतो. पडदा काळा दिसला म्हणून लगेच वीज बंद करू नका.

बायोस दिसला की एकेक भाग वाढवा आणि दर वेळी पीसी पूर्ण बंद करूनच. अडलं तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं, कारण शेवटी काय बदललं ते तुम्हाला माहीत असतं. एकदम सहा गोष्टी बदलणाऱ्याला हे कधीच कळत नाही, प्रयोगशाळेतही नाही.

मोजा आणि लिहून ठेवा

बायोसमध्ये रॅमचा एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. मग गेमचा तोच भाग तीन वेळा खेळून फ्रेम नोंदवा. नुसती सरासरी बघू नका. सरासरी ९० असूनही गेम मध्येच अडखळू शकतो, म्हणून सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम किती होते तेही लिहा. तारीख, खोलीचं तापमान आणि बायोस आवृत्ती शेजारी टाका. सहा महिन्यांनी पीसी मंद वाटला तर तुलना कशाशी करायची, हा प्रश्न उरणार नाही.

तेव्हा बाजारात जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. वर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, त्याखाली बजेट, आणि त्याखाली नंतर बदलता न येणारे तीन निर्णय. प्रत्येक निर्णयापुढे कारण लिहा. जिथे कारण सुचणार नाही, तिथे अजून वाचायचं बाकी आहे असं समजा आणि तोवर पैसे खिशातच ठेवा.