आग थांबली म्हणजे डोळा बरा झाला का?

ऑटोइम्यून कोरडेपणात डोळ्यातले अश्रू आटतात, तसेच कॉर्नियातले, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातले, चेतातंतूही नष्ट होत जातात. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तो याचे ठळक उदाहरण आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. रुग्णांत स्त्रिया पुरुषांच्या सुमारे नऊपट असतात.

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या कार्यालयांत डोळे चुरचुरू लागले की एसी आणि संगणकाला दोष दिला जातो. त्यांनी त्रास वाढतो हे खरे. पण या आजाराचे मूळ शरीरातल्या दाहात असते, म्हणून खाडीकाठची दमट हवाही त्यापासून वाचवत नाही. डोळ्यांतून पाणी येते म्हणजे ते कोरडे नाहीत, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. चुरचुरीमुळे सुटणारे पाणी बुबुळावर टिकत नाही.

सर्वांत घातक गैरसमज वेदनेबद्दलचा आहे: आग थांबली म्हणजे डोळा बरा झाला. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण तिथली चेतातंतूंची दाटी त्वचेच्या शेकडोपट असते. हे तंतू वेदना कळवतात, अश्रू आणि पापण्यांची उघडझाप चालू ठेवतात, वरच्या पेशींना वाढीची द्रव्येही पुरवतात. दाहाने ते झिजले की अश्रू आणखी घटतात, कोरडेपणाने दाह वाढतो आणि उरलेले तंतूही जाऊ लागतात. अशा वेळी आग कमी होते ती जाणीव बोथट झाल्यामुळे. पुढे न भरणाऱ्या जखमा होऊ शकतात. काही रुग्णांत उलटे घडते: दुखावलेले तंतू सतत चुकीचे संदेश पाठवतात, डोळा वरून स्वच्छ दिसतो आणि वेदना असह्य असते. त्यांना ‘सगळे मनाचे आहे’ असे सांगणे अन्यायाचे आहे.

निदानासाठी शिर्मरची कागदी पट्टी पापणीत पाच मिनिटे ठेवतात. ती 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू फार घटलेले असतात. मात्र या पट्टीवरून तंतूंची अवस्था कळत नाही. त्यासाठी भुलीचा थेंब घालण्यापूर्वी कापसाच्या धाग्याने कॉर्नियाची संवेदना पाहतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकातून तर तंतू प्रत्यक्ष दिसतात.

कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो, दाह शमत नाही. त्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब, तर गंभीर रुग्णांत स्वतःच्या रक्ताच्या सीरमचे थेंब वापरतात. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल ज्या चेतावर्धक प्रथिनासाठी मिळाले, त्यावर आधारलेल्या सेनेजर्मिन थेंबांना अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. ती संवेदना हरवलेल्या कॉर्नियाच्या विकारासाठी आहे. तंतू पुन्हा वाढू शकतात, पण सावकाश आणि बहुधा अपुरे.

मेडिकलमधून परस्पर घेतलेले स्टिरॉइडचे थेंब काचबिंदू आणि मोतीबिंदूला निमंत्रण देतात. डोळ्यांसोबत तोंडही कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील, तर नेत्रतज्ज्ञांबरोबर संधिवाततज्ज्ञांनाही दाखवावे. आग थांबली म्हणून उपचार आपल्या मनाने बंद करू नयेत. आधी कॉर्नियाची संवेदना तपासून घ्यावी.