दहा लाख गाड्या आणि गावची डीपी

मुळशीच्या धरणातले पाणी सह्याद्री ओलांडून रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरते, तेव्हा ते सुमारे 500 मीटर खाली येते. मुंबईला वीज देणाऱ्या तिथल्या टाटांच्या वीजघराने 1927 मध्ये काम सुरू केले. 25 मेगावॉटची सहा जनित्रे, एकूण 150 मेगावॉट. वीज केल्यावर हेच पाणी कुंडलिकेत जाते, कोलाडला राफ्टिंगच्या होड्या त्यावर तरतात आणि शेवटी ते रेवदंड्याला समुद्राला मिळते. म्हणजे मुंबईला वीज किती हवी, यावर रायगडच्या एका नदीची धार शंभर वर्षे ठरत आली आहे.

विजेवरच्या गाडीची ताकद समजून घ्यायला भिऱ्याइतके चांगले माप नाही. एक टन पाणी 500 मीटर खाली आणले, तर गळती वजा जाता जेमतेम सव्वा युनिट वीज हाती लागते. मध्यम आकाराच्या देशी ई-कारची बॅटरी आता 45 युनिटांच्या आसपास असते. तेवढ्या विजेसाठी भिऱ्याला 37 टन पाणी खाली सोडावे लागते, दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर! गाडीच्या तळाशी बसवलेल्या पेटीत डोंगरावरचे चार टँकर पाणी मावते. अशा 20 हजार गाड्या पूर्ण भरलेल्या असतील, तर त्यांच्यातली वीज 9 लाख युनिट होते. भिऱ्याची सहाही जनित्रे सहा तास अखंड फिरवली, की एवढी वीज मिळते.

पाण्याच्या त्या साठ्याची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनी मोजली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून सत्याग्रह झाला, तरी मावळातली भातखाचरे पाण्याखाली गेलीच. गाड्यांमधला साठा मात्र एकाही गावाला उठवत नाही. घराच्या अंगणात, गृहसंकुलाच्या वाहनतळावर तो आपोआप तयार होत आहे. विजेच्या इतिहासात ही अपूर्व गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते. पण हा साठा कोणत्या वेळी भरायचा, हे ठरवले नाही तर तोच ओझे होईल.

हिशेब करून पाहू. महाराष्ट्रात 10 लाख ई-कार आहेत आणि प्रत्येक रोज 40 किलोमीटर धावते, असे समजा. एका गाडीला दिवसाला सुमारे 6 युनिट पुरतात, म्हणजे सगळ्यांना मिळून 60 लाख. राज्य रोज 50 कोटींहून अधिक युनिट वापरते, त्यापुढे हा आकडा सव्वा टक्क्याच्या आत राहतो. इथपर्यंत चिंतेचे काही नाही. आता हे दहा लाख लोक संध्याकाळी सातला घरी आले आणि प्रत्येकाने 7.2 किलोवॉटचा चार्जर लावला, तर त्या क्षणाची मागणी 7,200 मेगावॉट होते! उन्हाळ्यात राज्याची कमाल मागणी 30 हजार मेगावॉटच्या घरात असते. विजेचा वापर सव्वा टक्का, पण एका तासाचा भार जवळपास पाव राज्याचा. तोही सूर्य मावळल्यावर, सौर वीज संपलेली असताना. हेच 60 लाख युनिट सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या आठ तासांत सारखे वाटले, तर 750 मेगावॉट पुरतात. गाड्या त्याच, युनिट तेवढेच, आणि भार जवळपास एक दशांश.

राज्याचा आकडा मोठा दिसतो, पण खरी गाठ पडते ती गावातल्या डीपीशी, म्हणजे घराघरांत वीज वाटणाऱ्या रोहित्राशी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट एका फेरीत दीडशेच्या आसपास गाड्या आणू शकते. त्या सगळ्या विजेवरच्या असल्या आणि अलिबागजवळच्या किहीम, नागाव, वरसोलीत पोहोचताच एकदम चार्जिंगला लागल्या, तर 1,080 किलोवॉट लागतील. गावातली 100 केव्हीएची डीपी अशा 13 गाड्यांतच संपते, आणि तिच्यावर आधीच घरे, पंप, एसी असतात. बोटीच्या एका फेरीसाठी बारा नव्या डीप्या! पण परतीसाठी प्रत्येक गाडीला 20 युनिट पुरत असतील आणि ते दिवसाच्या आठ तासांत हळूहळू घेतले, तर 375 किलोवॉट, म्हणजे चार डीप्यांत काम होते. माणूस समुद्रावर असताना गाडी उभीच असते. घाई कशाची?

न्हावा-शेव्याच्या बंदरात हा विचार सुरू झालेला दिसतो. सप्टेंबर 2025 मध्ये तिथे बॅटरी बदलता येणाऱ्या 50 ई-ट्रकांचा ताफा दाखल झाला. आवारातल्या सुमारे 600 ट्रकांपैकी 90 टक्के 2026 अखेर विजेवर आणण्याचे बंदराने ठरवले. ट्रकमागे 250 युनिटांची बॅटरी धरली, तर 540 ट्रकांत 1 लाख 35 हजार युनिट साठतात, म्हणजे 3,000 मोटारींइतके. बॅटरी काढून ठेवता येत असल्याने ट्रक थांबत नाही आणि ती भरायची वेळ आपल्याला निवडता येते. जड वाहनांसाठी हाच मार्ग योग्य आहे.

गाडीतून वीज परत जाळ्यात देण्याची कल्पना अमेरिकेतल्या विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी 1997 मध्ये मांडली. आपल्याकडे ती घरोघर यायला वेळ आहे. पण गाडीवर थेट उपकरणे चालवण्याची सोय काही देशी गाड्यांत 2023 पासून मिळते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने खांब आडवे केले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातली कितीतरी गावे अनेक आठवडे अंधारात होती. फ्रीज, दिवे, पंखे आणि फोन यांना दिवसाला 5 युनिट धरले, तर 45 युनिटांची गाडी एका घराला नऊ दिवस तारते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्राजवळ अशी एक गाडी असावी, हा हट्ट मी धरीन.

वेळेनुसार वापर मोजणारे टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत देते. अलिबागला घर असेल आणि दारात ई-कार येणार असेल, तर चार्जर बसवण्याआधी मंजूर भार वाढवून घ्या, चार्जरचा टायमर दिवसा लावा आणि तुमच्या डीपीवर आणखी किती घरे आहेत, हे एकदा लाइनमनला विचारा.