डिस्क लावली की कॉम्प्युटर बंद!

सांडोरहून मी बोलतेय. आज बोलायचंय गटाच्या कॉम्प्युटरबद्दल. "आम्हाला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मिक्सर चालेना झाला तर आपण काय करतो? आधी लाईट आहे का बघतो, मग पिन हलवून बघतो, मग भांडं नीट बसलंय का ते बघतो. ज्या बाईला एवढं जमतं, तिला आजचं सगळं जमेल.

आधी आमची हकीकत सांगते. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं होतं, ते तुमच्यातल्या अनेकींना आठवत असेल. रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली. आमच्या गटाच्या वह्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. पाणी ओसरल्यावर काढल्या तर शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. जेवढी सुटली तेवढ्या पानांचे फोटो काढले आणि एका हार्ड डिस्कवर ठेवले. वह्यांना पुढे बुरशी लागली, त्या टाकाव्या लागल्या. नवी खतावणी आम्ही घाईत लिहिली, थोडी फोटो बघून, थोडी आठवणीने.

काही वर्षांनी जुना कॉम्प्युटर पार थकला. तो देऊन नवा घेतला. त्याच महिन्यात गटातल्या एका ताईंनी फुलांच्या वाडीसाठी कर्ज मागितलं. खतावणीत त्यांच्या नावावर २०१७ सालचे दोन हप्ते बाकी दिसत होते. त्या म्हणाल्या, "मी भरलेत. सभेत सगळ्यांसमोर भरलेत." मधल्या काळात खजिनदार बदललेल्या. कोणालाच नक्की आठवेना. कुजबुज सुरू झाली. मी म्हटलं, "थांबा गं, त्या पानाचा फोटो डिस्कवर असेल."

डिस्क लावली. तिचा दिवा लागला, आतून घुर्र आवाज आला आणि नवा कोरा कॉम्प्युटर फटकन बंद! पुन्हा चालू केला, पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग डिस्क लावून ठेवूनच कॉम्प्युटर चालू केला, तर तो पहिल्याच चित्रावर अडकून बसला. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काकू, डिस्क फॉरमॅट करून टाका, चालेल." चालली असती हो, पण रिकामी! फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्या दिवशी आम्ही थांबलो, ते फार बरं झालं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, तिच्यातले हिशेब मिळत नाहीत. पडद्यावर "फॉरमॅट करायचं का?" असं आलं तर 'कॅन्सल' दाबायचं. डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघत बसायचं नाही. दर झटक्याला तिला इजा होऊ शकते.

आता असं होतं का, ते बघू. तुमच्या विहिरीवर पाण्याची मोटर असेल तर आठवून बघा. मोटर चालू केली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. कारण थांबलेली मोटर फिरायला लागताना जास्त वीज ओढते, मग एका लयीत आली की कमी. हार्ड डिस्कच्या आतही एक छोटी मोटर असते. ती गुळगुळीत चकत्या फिरवते आणि त्या चकत्यांवर आपली माहिती असते. सुरू होताना तीही जास्त वीज मागते.

ही वीज येते कुठून? हाताच्या पंजाएवढी छोटी डिस्क असेल तर तिला वेगळी पिन नसते. माहितीही त्याच केबलमधून जाते आणि वीजही त्याच केबलमधून येते. ही यूएसबीची सोय. १९९६ साली तिचं पहिलं मानक आलं. ती घडवणाऱ्यांतले एक प्रमुख इंजिनीअर अजय भट्ट वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पण या सोयीला मर्यादा आहे. दाब ५ व्होल्टचा. जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज द्यायची, असं ठरलेलं आहे. २००८ मध्ये आलेल्या ३.० मधून ९०० पर्यंत. डिस्कने याहून जास्त ओढलं, किंवा केबल खराब म्हणून वीज वाटेतच कमी झाली, तर डिस्क धड चालू होत नाही. काही कॉम्प्युटर तेवढंच पोर्ट बंद करतात, काही स्वतःच बंद होतात. घरात शॉर्ट झाला की एमसीबी पडतो, तसंच हे. तो स्वतःला वाचवत असतो.

वीज हे एक कारण झालं. दुसरं, कॉम्प्युटरमधला सॉफ्टवेअरचा गोंधळ. प्रत्येक वस्तूशी बोलायला कॉम्प्युटरला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना किंवा चुकीचा असेल तर पडदा निळा होतो आणि काहीतरी इंग्रजी अक्षरं येतात. घाबरू नका, मोबाइलने त्याचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला त्या अक्षरांवरून बरंच कळतं. तिसरं कारण, डिस्क स्वतःच म्हातारी झालेली. मग कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण एखादी फाईल उघडताना गोठल्यासारखा थांबतो.

आणि डिस्क लावलेली असताना कॉम्प्युटर सुरूच होत नाही, याचं कारण बऱ्याचदा साधं असतं. सुरू होताना तो 'मी कुठून सुरू होऊ?' हे शोधतो आणि चुकून आपल्या डिस्कमध्ये शोधत बसतो. डिस्क काढा, तो सुरू होऊ द्या, मग डिस्क लावा. रोजच असं होत असेल तर सेटिंगमध्ये तो क्रम बदलता येतो. ते जाणकाराकडून करून घ्या.

आता दोषी कोण, हे शोधायची रीत. चार जण संशयित आहेत: डिस्क, केबल, पोर्ट आणि कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमटी बिघडली म्हणून मीठ, चिंच, गूळ तिन्ही एकदम घातलं, तर कशाने सुधारली ते कळत नाही. तसंच इथे.

एक. कॉम्प्युटर बंद करून टॉर्चने पोर्टमध्ये बघा. आतली पट्टी वाकलीय का, धूळ, गंज आहे का? आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पिनांना गंज लवकर चढतो. पिन किंवा पट्टी वाकलेली दिसली तर तिथे काहीही लावायचं नाही.

दोन. नव्या कॉम्प्युटरला साधा पेन ड्राइव्ह लावून बघा. त्यानेही बंद पडला तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता जास्त, दोष कॉम्प्युटरचा किंवा पोर्टचा. नव्या कॉम्प्युटरची वॉरंटी असते. तो घरी उघडू नका, बिल घेऊन दुकानात जा.

तीन. पेन ड्राइव्ह नीट चालला तर डिस्कचं पोर्ट बदला. टेबलावर ठेवायचा मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. पुढची पोर्ट डब्याच्या आतून वायरीने जोडलेली असतात, मागची थेट मुख्य बोर्डावर बसवलेली असतात. आत निळी पट्टी असलेलं पोर्ट सहसा ३.० चं, म्हणजे जास्त वीज देणारं. मात्र सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत.

चार. केबल बदला. आखूड आणि त्याच डिस्कसाठी असलेली घ्या. मधे एक्स्टेन्शन नको. एका पोर्टची चार पोर्ट करणारा हब असेल तर तोही काढा. हब वापरायचाच असेल तर भिंतीतून वेगळी वीज घेणारा घ्या.

पाच. तरीही बंदच पडला तर तीच डिस्क, तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला एकदाच लावून बघा. तिथे चालली तर आपल्या कॉम्प्युटरचे अपडेट आणि ड्रायव्हर नवे करून घ्या. तिथेही तोच प्रकार झाला तर डिस्क किंवा तिचा डबा खराब. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर मात्र कुठेच लावू नका. तशीच माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. खर्च आधी विचारा आणि लिहून घ्या.

आमच्याकडे काय निघालं? पेन ड्राइव्ह ठीक चालला. डिस्क पुढच्या पोर्टला लावली होती आणि टेबल लांब म्हणून मधे हातभर एक्स्टेन्शन. ते काढलं, आखूड केबलने डिस्क मागच्या पोर्टला लावली. घुर्र आवाज आला आणि कॉम्प्युटर चालूच राहिला. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या होत्या!

आधी सगळं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, मग शोधाशोध. हा क्रम विसरू नका. डिस्क तपासणारी, दुरुस्त करणारी साधनं कॉम्प्युटरमध्ये असतात, पण तीही नंतर. आजारी डिस्ककडून आधी माहिती काढून घ्यायची. काही फाईलींवर आमची डिस्क खूप वेळ अडखळली, तीन-चार फोटो उघडलेच नाहीत. म्हणजे तिचेही दिवस भरत आले होते.

२०१७ चं ते पान मिळालं. अर्धं डागाळलेलं, पण ताईंचं नाव, दोन्ही हप्ते आणि त्यापुढे जुन्या खजिनदारांची सही स्वच्छ दिसत होती. ताईंचे पैसे भरलेले होते. चूक आमची होती, घाईत लिहिलेल्या खतावणीची. पुढच्या सभेत आम्ही सगळ्यांसमोर खतावणी दुरुस्त केली आणि ताईंची माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगत होते ना." मला आजही ते वाक्य बोचतं. त्या दिवशी डिस्क पुसली असती, तर एका प्रामाणिक बाईवर जन्मभराचा ठपका राहिला असता.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित सभा, बचत, कर्जवाटप, परतफेड यांच्या जोडीला हिशेब ठेवणं आहे. ठेवणं म्हणजे नुसतं लिहिणं नाही, जपणंही आलं. कागद भिजला म्हणून आम्ही डिस्क घेतली, पण डिस्कही एकच ठेवली. तीच चूक दुसऱ्यांदा.

आता आमच्याकडे तीन ठिकाणी प्रत असते: एक कॉम्प्युटरवर, एक नव्या डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह गटाच्या खोलीत नसतो, अध्यक्षांच्या घरी वरच्या मजल्यावर असतो. पाणी एका खोलीत शिरलं तरी तिन्ही प्रती एकदम जाणार नाहीत. दर महिन्याच्या सभेनंतर त्या नव्या करतो आणि एखादी फाईल उघडूनही बघतो. डिस्क काढताना आधी पडद्यावर 'इजेक्ट' करतो, मग हात लावतो. ओलाव्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या पर्स-चपलांच्या खोक्यात मिळणारी ओलावा शोषणारी पुडी घालून ठेवतो.

तर तायांनो, पुढच्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारा: "आपल्या गटाचे हिशेब किती ठिकाणी आहेत?" उत्तर 'एका' असं आलं, तर त्याच दिवशी दुसरी प्रत करा. नमस्कार.