गाडी खाली घ्यायचीय? आधी स्प्रिंगचं गणित बघा!

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी चार जण एका गाडीभोवती उभे दिसले की समजायचं, विषय दोनच असतात. एक तर एक्झॉस्ट, नाहीतर "गाडी खाली घ्यायची का?" चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती चार बोटांची फट बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपते. खोटं कशाला बोला, खाली बसलेली गाडी दिसतेही छान. पण स्प्रिंग हा स्टिकर नाही. ती बदलली की ब्रेक मारताना, वळताना, खड्ड्यात जाताना गाडी वेगळी वागते, आणि त्या गाडीत आपण एकटे बसत नाही. म्हणून हा लेख.

"स्पोर्ट्‌स कार" म्हटल्यावर फेरारी डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या भागात ज्यावर खरोखर ही चर्चा होते त्या गाड्या म्हणजे सेकंडहँड पोलो जी.टी., नाहीतर एखादी अबार्थ पुंटो. दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्याच्याच म्हणायला हव्यात. पोलो चाकणला बनायची (भारतात ती २०२२ मध्ये बंद झाली), आणि पुंटो रांजणगावला. अबार्थ २०१५ मध्ये आली तेव्हा १.४ लिटरचं टर्बो इंजिन आणि १४५ बी.एच.पी. घेऊन आली, आणि कंपनीने स्वतःच ती साध्या पुंटोपेक्षा खाली बसवून दिली होती. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मि.मी. गाडी खाली घेणं हे मुळात चूक असतं तर कंपनीने ते केलं नसतं. प्रश्न एवढाच, की कंपनी जे करते आणि आपण जे करतो त्यात फरक काय?

आता आकडेमोड. थर्ड इयरच्या मशीन डिझाइनमधलं सूत्र आठवा. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि कॉइलच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने व चालू कॉइलच्या संख्येने कमी होतो. तार १२ मि.मी., कॉइलचा मध्य व्यास १२७ मि.मी., चालू कॉइल ५ आणि स्टीलचं रिजिडिटी मॉड्युलस ७९,००० न्यूटन प्रति चौ. मि.मी. घेतलं, तर उत्तर जवळजवळ बरोब्बर २० न्यूटन प्रति मि.मी. येतं. हॅचबॅकच्या पुढच्या स्प्रिंगसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. कोणत्याही एका मॉडेलचा म्हणून तो घेऊ नका, उदाहरण म्हणून घ्या. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने उचलायचं वजन ३०० किलो धरू. म्हणजे २९४३ न्यूटन. गाडी नुसती उभी असताना स्प्रिंग १४७ मि.मी. दबलेली.

समजा या स्थितीतून चाक वर जायला बंप स्टॉपच्या रबरापर्यंत ८० मि.मी. जागा आहे. खड्ड्याचा दणका पचवायला ही स्प्रिंग अर्धा गुणिले २० गुणिले ८० चा वर्ग, म्हणजे ६४ ज्यूल ऊर्जा साठवू शकते. आता गाडी ३० मि.मी. खाली घेतली. जागा उरली ५० मि.मी. तेवढेच ६४ ज्यूल या ५० मि.मी.मध्ये साठवायचे तर स्प्रिंग किती कडक हवी? ५१ न्यूटन प्रति मि.मी.! अडीचपट! तशी स्प्रिंग टाकली तर गाडीची वर-खाली होण्याची वारंवारता १.३ हर्ट्झवरून २ हर्ट्झच्या पुढे जाते. ती रेसच्या गाडीची झाली, तळेगाव-चाकण रोडला मणक्याचे मणके वेगळे करील.

म्हणून बाजारात मिळणाऱ्या चांगल्या लोअरिंग स्प्रिंगसुद्धा एवढ्या कडक नसतात. साधारण दहा ते तीस टक्के जास्त. आपण २५ न्यूटन प्रति मि.मी. धरू. वारंवारता १.४५ हर्ट्झ, रोज चालवता येईल अशी. पण ५० मि.मी.मध्ये ही स्प्रिंग साठवते ३१ ज्यूल. निम्म्याहूनही कमी! मग बाकीचे ३३ ज्यूल कुठे जातात? काही शॉकअप खातो, उरलेले बंप स्टॉपचं रबर, आणि तेही संपलं की गाडीची बॉडी आणि आपण. ब्रोशरमध्ये "कम्फर्टशी तडजोड नाही" असं छापलेलं असतं. ते गुळगुळीत रस्त्यावर खरं आहे. वळणात रबराला टेकलेलं चाक अचानक कडक होतं आणि ग्रिप सोडतं, हे त्यात लिहीत नाहीत.

अबार्थचं उत्तर इथे सापडतं. कंपनी गाडी खाली घेते तेव्हा स्प्रिंग, शॉकअप आणि बंप स्टॉप हे तिन्ही एकमेकांसाठी ठरवते. आपण फक्त स्प्रिंग बदलतो. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक झाली की तिला आवरायला शॉकअप साधारण बारा टक्के जोरदार हवा (वर्गमूळ, दुसरं काय). जुना शॉकअप तेवढाच राहतो, त्यात तो साठ-सत्तर हजार किलोमीटर फिरलेला असतो. मग गाडी स्पीड ब्रेकरनंतर एकदा बसायच्या ऐवजी दोनदा-तीनदा डुलते. कडक स्प्रिंग टाकूनही गाडी होडीसारखी का वाटते, याचं कारण हेच.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण ऐकतो तेवढा नाही. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५० मि.मी. उंच, दोन चाकांमधलं अंतर १४५० मि.मी., ०.७ जी ने वळण. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ३१२६ न्यूटन भार सरकतो. ३० मि.मी. खाली घेतल्यावर २९५५. म्हणजे साडेपाच टक्के कमी. स्प्रिंग कितीही कडक करा, हा एकूण आकडा बदलत नाही, फक्त गाडी कमी कलते. त्यातही आपल्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली गेली की त्याचा रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे कलायला मिळणारी तरफ उलट लांब होते. कडक स्प्रिंगचा थोडा भाग ही तरफ फेडण्यातच जातो. नवे टायर आणि योग्य हवा यांनी यापेक्षा जास्त फरक पडतो, हे माझं मत. पार्किंगमधल्या तज्ज्ञांना ते आवडत नाही!

आता "दादा, एक राउंड काप" हा प्रकार. पाचातली एक कॉइल कापली तर चालू कॉइल उरतात चार, आणि कडकपणा होतो बरोबर २५. उंचीही साधारण तेवढीच उतरते. म्हणजे कागदावर दोनशे रुपयांचं ग्राइंडर आणि हजारोंची इम्पोर्टेड स्प्रिंग सारखीच! म्हणून तर गॅरेजवाले छातीठोकपणे सांगतात, "काही होत नाही साहेब." फरक टोकाला आहे. मूळ स्प्रिंगचं शेवटचं टोक तिच्या सीटच्या आकारात वळवलेलं असतं. कापलेलं टोक सीटवर एका बिंदूवर टेकतं, तिथे ताण साठतो. कोटिंग निघालेलं असतं, मावळातला चार महिन्यांचा पाऊस गंजाला पुरेसा असतो. गंजाच्या खड्ड्यातून फटीग क्रॅक सुरू होतो, हे मटेरियल सायन्सवाल्यांना सांगायला नको. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट. स्प्रिंग स्टीलला क्वेंचिंग-टेम्परिंग करून जी ताकद दिलेली असते ती लाल होईपर्यंत तापवली की गेली. अशी गाडी घाटात नेऊ नका, आणि अशा गाडीत बसूही नका.

विकतची घ्यायची झाली तरी एक हिशोब आधी करा. तो म्हणजे चाक लटकल्यावर काय होतं. आपल्या उदाहरणात मूळ गाडीचं चाक ८० मि.मी. खाली लटकू शकतं. तेव्हाही १४७ वजा ८०, म्हणजे ६७ मि.मी. स्प्रिंग दबलेली राहते. नवी २५ ची स्प्रिंग उभ्या गाडीत ११८ मि.मी. दबते. गाडी ३० मि.मी. खाली असल्याने चाक आता ११० मि.मी. लटकतं. उरले ८ मि.मी. चाललं. पण हीच स्प्रिंग ४० मि.मी. खाली घेणारी असती तर ११८ वजा १२०. स्प्रिंग सीटमधून सैल! मोठ्या खड्ड्यावरून गाडी उडाली की ती खडखडते, आणि परत बसताना जागेवर बसेलच असं नाही. म्हणून ४०-५० मि.मी.चा दावा करणारी साधी स्प्रिंग, सोबत आखूड शॉकअप नसेल तर, मी सरळ बाजूला ठेवीन. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये काही कॉइल जवळजवळ गुंडाळलेल्या असतात त्या यासाठीच, लटकलेल्या चाकातही स्प्रिंग पकडून ठेवायला.

खरेदी करताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका. पेट्रोल की डिझेल, हेही सांगा. डिझेल इंजिन जड असतं, त्याची पुढची स्प्रिंग वेगळी असते. डिझेलची पेट्रोलला लावली की पुढून गाडी खाली बसायच्या ऐवजी नाक वर करून उभी राहते. आयबाख, एच अँड आर यांच्यासारख्या जर्मन कंपन्यांच्या अनेक स्प्रिंगसोबत तिकडे तपासणीचा कागद येतो, कोणत्या गाडीला आणि पुढच्या-मागच्या किती वजनापर्यंत ती चालते ते त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो कागद आर.टी.ओ.त चालणार नाही, पण त्यातला वजनाचा आकडा वाचायला पैसे पडत नाहीत. एककं सांभाळा. जपानी माल किलो प्रति मि.मी. मध्ये असतो, अमेरिकन पाउंड प्रति इंच मध्ये. आपले २० न्यूटन प्रति मि.मी. म्हणजे साधारण २ किलो प्रति मि.मी. किंवा ११४ पाउंड प्रति इंच. आणि आकडा सांगायलाच दुकानदार तयार नसेल तर? स्प्रिंग कॉलेजात आणा. व्हर्नियर आहे, एस.ओ.एम. लॅब आहे, सरांची परवानगी काढा आणि वजन-दबाव यांचा ग्राफ काढा. चांगलं प्रॅक्टिकल होईल, जर्नलमधल्या छापील रीडिंगपेक्षा तरी नक्कीच.

राहिला आपला रस्ता. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असावा. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या मध्यावर आली तर चारही चाकं उतारावर साडेपाच सें.मी. वर चढलेली असतात, पोटाला फक्त साडेचार सें.मी. जागा लागते. म्हणजे नियमातला गतिरोधक लोअर केलेल्या गाडीलाही लागणार नाही. पण असा गतिरोधक गल्लीबोळात दाखवा! आपल्याकडचे बहुतेक एका ट्रॉली डांबरात, हाताच्या अंदाजाने घातलेले. मीटरभर रुंद, बारा सें.मी. उंच. त्यावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि पूर्ण बारा सें.मी. पोटाखाली. १६५ मि.मी. ची गाडी ३५ ने खाली घेतली, उरले १३०. त्यात लोणावळ्याला निघालेले चार मित्र बसले. मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर ९० किलो वाढले तर २५ च्या स्प्रिंगवर मागची बाजू आणखी ३५ मि.मी. बसते, पुढची पंधरा-सोळा. मधे उरतात साधारण १०५. गतिरोधक १२० चा. घासणार! पोट घासलं तर आवाजावर भागतं, पण संप तडकला तर ऑइल रस्त्यावर, आणि दिवा लागलेला दिसेपर्यंत बेअरिंग जाऊ शकतात. इंजिन उघडायचा खर्च स्प्रिंगच्या कितीतरी पट. बिल घरी पाठवावं लागतं ते वेगळंच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले पार्ट बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "आर.सी.वर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला नसतो" हा युक्तिवाद हॉस्टेलच्या खोलीत चांगला वाटतो. अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर मात्र गाडीखाली वाकून बघतो, आणि न कळवलेला बदल दिसला तर क्लेम अडू शकतो.

त्यामुळे रोज तळेगाव-चाकण करणाऱ्या गाडीसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे. मूळ कंपनीच्या नव्या स्प्रिंग, चांगले शॉकअप, नवे बुश. जुनी पोलो एवढ्यावर जी सुधारते ती बघून निम्म्या जणांची लोअर करायची हौस फिटेल. ट्रॅकवर नेण्यासाठीच वेगळी गाडी ठेवली असेल (कोईमतूर, चेन्नई एवढ्या लांब नेणारे आहेत आपल्यात!) तर २० ते २५ मि.मी. पर्यंत, जुळणाऱ्या शॉकअपसकट. आपल्या फॉर्म्युला टीमची गाडी जमिनीला चिकटलेली दिसते, तिलासुद्धा नियमाने चाकाचा किमान ५० मि.मी. प्रवास द्यावा लागतो, तोही गुळगुळीत ट्रॅकसाठी.

आपली गाडी आत्ता किती प्रवास वापरते हे बघायचं असेल तर सोपी युक्ती. शॉकअपच्या रॉडवर एक प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट न ओढता अडकवा आणि खाली सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची माणसं बसवून एक चक्कर मारा. झिप टाय रबराजवळ जाऊन पोचली असेल तर खाली घ्यायला जागाच नाही, विषय संपला.

बसवताना तीन गोष्टी. स्ट्रटवरची स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय वरचा नट उघडायचा नाही. दबलेली स्प्रिंग माणसाचा जबडा मोडू शकते, म्हणून हॉस्टेलमागे जॅकवर हे काम नको. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. लटकलेल्या चाकात आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बरेच मेकॅनिक हे घाईत विसरतात. आणि लगेच व्हील अलाइनमेंट करा. खाली आलेल्या गाडीचा टो बदललेला असतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो, बाहेरून दिसतही नाही. स्प्रिंग थोडी बसते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा एकदा, आणि त्याच वेळी हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.